गाजरगवताचे वावडे आणि उतारवय

पावसाळा सुरू झाला की बांधावर, गाडीवाटेच्या कडेला, ओढ्याच्या काठी, शाळेच्या आवारात आणि गावठाणातील पडीक जागेत एक हिरवे तण दाट माजते. त्याची पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली असतात आणि शेंड्यांवर बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. या तणाला कोठे गाजरगवत म्हणतात, कोठे पांढरफुली, कोठे चटकचांदणी, तर कोठे काँग्रेस गवत. मूळचे हे तण मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या प्रदेशातील. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम लोकांच्या नजरेत भरले आणि पुढील काही दशकांत देशाच्या बहुतेक सर्व भागांत पसरले. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते.

या तणामुळे पिकाचे व कुरणाचे जे नुकसान होते ते शेतकऱ्यांना पुरेपूर ठाऊक आहे. परंतु ते उपटणाऱ्या माणसाच्या शरीराचे जे नुकसान होते, त्याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. विशेषतः चाळिशी उलटलेल्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर व मानेवर जे चिवट इसबासारखे दुखणे उमटते, त्याचे कारण कित्येकदा हेच तण असते. हे कारण ओळखले गेले नाही तर मनुष्य वर्षानुवर्षे मलमे बदलत राहतो, पैसा खर्च होतो, रात्रीची झोप जाते आणि दुखणे वाढतच राहते. ते वेळीच ओळखले तर बराचसा त्रास टाळता येतो. म्हणून वावडे म्हणजे काय, ते उतारवयात का जडते आणि त्यावर इलाज कोणता, याची माहिती प्रत्येक ग्रामकार्यकर्त्यास असणे आवश्यक आहे.

वावडे म्हणजे काय?

ज्याला डॉक्टर ॲलर्जी म्हणतात त्यालाच आपल्या भाषेत वावडे हा जुना व नेमका शब्द आहे. एखादा पदार्थ दहा जणांना काहीही अपाय करीत नाही, पण अकराव्याला तो सोसत नाही, यालाच वावडे म्हणावयाचे. यात दोष केवळ पदार्थाचा नसतो. शरीराच्या प्रतिक्रियेचाही असतो.

मनुष्याच्या शरीरात रोगजंतूंपासून रक्षण करणारी एक व्यवस्था आहे. पूर्वी गावात रात्री पहारा देणारा जागल्या असे, तशीच ही व्यवस्था. जागल्याने चोराला अडवावे हे योग्यच. पण एखाद्या निरुपद्रवी वाटसरूलाच चोर समजून त्याने गावभर आरडाओरडा केला, तर त्रास गावालाच होतो. वावडे असलेल्या माणसाच्या शरीरात नेमके असेच घडते. ज्या कणापासून वास्तविक फारसा धोका नाही, त्यालाच शत्रू समजून शरीर लढाई पुकारते. या लढाईमुळे त्वचा लाल होते, सुजते, खाजते व पाझरते.

वावड्याचे मुख्यत्वे दोन प्रकार शेतकऱ्याच्या पाहण्यात येतात. पहिला प्रकार त्वरित उमटणारा होय. परागकण नाकात गेल्याबरोबर शिंका येणे, डोळ्यांतून पाणी वाहणे, किंवा गांधीलमाशी चावल्यावर काही मिनिटांत अंगावर पित्त उठणे ही त्याची उदाहरणे. दुसरा प्रकार सावकाश उमटणारा आहे. पदार्थाचा त्वचेला स्पर्श झाल्यावर साधारणतः एक ते तीन दिवसांनी त्या जागी दाह सुरू होतो. गाजरगवतामुळे होणारा त्वचेचा विकार प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारातील आहे.

हा एक ते तीन दिवसांचा अवधी फार महत्त्वाचा आहे. शेतकरी सोमवारी बांध साफ करतो आणि बुधवारी त्याचा चेहरा सुजतो. बुधवारी त्याने पिकाला खत दिलेले असते किंवा लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी खाल्लेली असते. साहजिकच तो खताला किंवा वांग्याला दोष देतो. खरा गुन्हेगार दोन दिवस आधीच येऊन गेलेला असतो, त्यामुळे तो संशयातून सुटतो.

गाजरगवताच्या पानांवर, खोडावर व फुलांवर अतिशय बारीक केस असतात. त्यांत पार्थेनिन नावाचे कडवट द्रव्य असते आणि तेच या वावड्याचे प्रमुख कारण आहे. हे केस तण वाळल्यावर तुटून धुळीत मिसळतात व वाऱ्याबरोबर उडतात. म्हणून ज्याने तणाला हातही लावला नाही, पण जो त्याच्या शेजारून रोज ये-जा करतो, त्यालाही त्रास होऊ शकतो. वाळलेले तण निरुपद्रवी असते ही समजूत चुकीची आहे.

आजवर काही झाले नाही, मग आताच का?

वीस-पंचवीस वर्षे हे तण उघड्या हातांनी उपटणारा शेतकरी हा प्रश्न हमखास विचारतो. त्याचा प्रश्न रास्त आहे. मातीची, उन्हाची, कष्टाची शरीराला सवय होते; त्याप्रमाणे या तणाचीही सवय झाली असेल, असे त्यास वाटते. परंतु वावड्याचा नियम सवयीच्या नियमाहून उलटा आहे.

जन्मतः कोणालाही गाजरगवताचे वावडे नसते. ते सहवासाने जडते. तणाचे कण त्वचेतून वारंवार आत शिरत राहतात आणि शरीराची संरक्षक व्यवस्था त्यांची ओळख पटवून घेते. ही ओळख पटण्यास काही महिने लागतील किंवा कित्येक वर्षे लागतील. तोपर्यंत बाहेर कोणतेही लक्षण दिसत नाही. एके दिवशी ओळख पूर्ण होते आणि त्यानंतरच्या प्रत्येक स्पर्शाला शरीर दाहाने उत्तर देऊ लागते. म्हणजे न दुखणाऱ्या वीस वर्षांत शरीर तणाला सरावत नव्हते, तर काहींच्या बाबतीत ते लढाईची तयारी करीत होते. हा विकार लहान मुलांत क्वचित व मध्यम वयाच्या आणि वृद्ध माणसांत अधिक आढळतो, यामागे हे एक मोठे कारण आहे. स्त्रियांपेक्षा पुरुषांत तो अधिक दिसून येतो. तथापि खुरपणी करणाऱ्या स्त्रिया त्यापासून मुक्त आहेत असे मात्र समजू नये.

वयाबरोबर आणखी तीन गोष्टींची भर पडते.

पहिली गोष्ट त्वचेची. वय वाढते तसा त्वचेतील स्निग्धपणा कमी होतो. ती पातळ व कोरडी होते, तिला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि या भेगांतून बाहेरचे कण सहज आत शिरतात. झालेली इजा भरून येण्यासही तरुणपणापेक्षा अधिक दिवस लागतात.

दुसरी गोष्ट संरक्षक शक्तीची. उतारवयात नव्या रोगजंतूंशी झुंजण्याची शक्ती मंदावते. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला वावडे जडणे शक्य नाही, असा समज काही ठिकाणी आहे. तो खरा नाही. वावडे कोणत्याही वयात नव्याने सुरू होऊ शकते आणि एकदा पटलेली ओळख शरीर सहसा विसरत नाही.

तिसरी गोष्ट सोबतच्या आजारांची. मधुमेह असलेल्याची खाजवून झालेली जखम लवकर चिघळते. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवी वाढविणाऱ्या काही गोळ्यांमुळे त्वचेला ऊन अधिक बाधते. अशा माणसाला गाजरगवताचेही वावडे असले तर दोन्ही त्रास एकमेकांत मिसळतात.

दुखणे कसे ओळखावे?

या विकाराची सुरुवात बहुधा उघड्या अंगावर होते. वरच्या पापण्या, चेहरा, मानेच्या बाजू, सदऱ्याचे वरचे बटण उघडे राहते तेथील छातीचा त्रिकोण, कोपराच्या व गुडघ्याच्या आतील घड्या आणि हातांचे पृष्ठभाग या त्याच्या नेहमीच्या जागा होत. केवळ उन्हाने होणारा विकार कानांच्या मागे, हनुवटीखाली व वरच्या पापण्यांवर सहसा उमटत नाही, कारण तेथे ऊन थेट लागत नाही. हवेतून येणारे कण मात्र तेथेही पोचतात. म्हणून या सावलीतील जागा तपासून पाहाव्यात.

दुखण्याच्या चालीवरूनही ते ओळखता येते. पहिली काही वर्षे तण वाढते तेव्हा, म्हणजे पावसाळ्यात, ते उठते व हिवाळ्यात ओसरते. पुढे ते बारमाही होते. त्वचा जाड, काळपट व सुरकुतलेली होते. काहींना पुढे नुसते ऊनदेखील सोसत नाही.

रुग्णाशी बोलताना ग्रामकार्यकर्त्याने घाई करू नये. दोन-चार साध्या प्रश्नांनी पुष्कळ उलगडा होतो. अशा संवादाचा एक नमुना पुढे दिला आहे.

“आबा, तोंडाची आग कधी वाढते? पावसाळ्यात, का बारा महिने?”

“मृग लागला की सुरू होतं. दिवाळीनंतर उतार पडायचा. औंदा तोही पडला नाही.”

“पापण्या सुजतात का? मानेवर, कोपराच्या आतल्या बाजूला चरचरतं का?”

“तिथंच जास्त. रात्री तर झोपूच देत नाही.”

“या खेपेला उठायच्या आधी दोन दिवस काय काम केलं होतं?”

“बांध साफ केला. पण ते तर मी दरसाल करतो, हातानंच.”

“दरसाल करता म्हणूनच विचारलं, आबा. एकदा आरोग्य केंद्रात दाखवून घेऊ. मी बरोबर येतो.”

येथे कार्यकर्त्याने रोगाचे निदान स्वतः केलेले नाही, हे ध्यानात घ्यावे. त्याने संशय घेतला व रुग्णास योग्य ठिकाणी नेण्याचे ठरविले. त्याचे काम एवढेच व हेच आहे.

दिसण्यात सारखे वाटणारे इतर विकार

प्रत्येक खाज गाजरगवताची नसते. पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

गजकर्ण: याचे चट्टे बहुधा गोल असतात, कडा उठावदार व मध्यभाग निवळलेला असतो. जांघेत व कंबरेभोवती ते अधिक आढळते.

खरूज: ही रात्री फार खाजते. बोटांच्या बेचक्यांत व मनगटावर बारीक पुटकुळ्या येतात आणि घरातील अनेकांना एकाच वेळी त्रास होतो. खरूज पसरते, वावडे पसरत नाही.

उतारवयातील कोरडी खाज: नडग्यांवर, पाठीवर व विशेषतः थंडीत ही जाणवते. पुरळ दिसत नाही, फक्त खाजवल्याचे ओरखडे दिसतात.

अंतर्गत आजारांची खाज: मधुमेह, मूत्रपिंड, यकृत किंवा कंठग्रंथी यांच्या विकारातही अंगभर खाज सुटू शकते. काही आठवडे खाज थांबत नसेल आणि पुरळ नसेल, तर रक्त तपासून घेणे इष्ट होय.

कुष्ठरोग: जुन्या वावड्याने चेहऱ्याची त्वचा जाड होऊन घड्या पडतात, तेव्हा गावात कुजबुज सुरू होते. अशा वृद्धाचे ताट वेगळे होते, त्याचे अंथरूण ओसरीवर जाते आणि नातवंडांना त्याच्याजवळ जाऊ दिले जात नाही. हा अन्याय आहे. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात सामान्यतः बधिरता असते व खाज नसते. गाजरगवताच्या विकारात असह्य खाज असते. शंका असल्यास शासकीय आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. कुष्ठरोग निघाला तरी तो औषधाने बरा होतो व ते औषध तेथे विनामूल्य मिळते. म्हणून दोन्हीपैकी काहीही असले तरी माणसाला दूर लोटण्याचे कारण नाही.

कारण निश्चित करण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पट्टी-चाचणी करतात. संशयित पदार्थांचा अल्पसा अंश असलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवितात, दोन दिवसांनी काढतात आणि त्या दिवशी व पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा पाहतात. ज्या पट्टीखाली दाह उमटेल त्या पदार्थाचे वावडे आहे असे समजते. ही चाचणी घरी तण चोळून करू नये. त्यामुळे दुखणे भडकते.

नाक, डोळे आणि श्वास

गाजरगवताचे परागकण नाकात गेल्याने काहींना सतत शिंका, वाहते नाक, डोळ्यांची खाज व दम्याचा त्रास होतो. उतारवयात धाप लागली की ‘वयच झाले’ असे म्हणून ती सोडून दिली जाते. हे योग्य नाही. धापेमागे दमा असेल, वर्षानुवर्षांच्या चुलीच्या धुराने वा विडीने झालेला फुप्फुसांचा विकार असेल किंवा हृदयाचा आजारही असेल. तिन्हींचे उपचार भिन्न आहेत. सबब डॉक्टरांकडून छाती तपासून घ्यावी.

दम्यासाठी तोंडाने ओढावयाचे औषध दिले असेल तर ते घेण्याची रीत नीट शिकून घ्यावी. वृद्ध माणसाची बोटे कापतात, श्वास व दाब यांचा मेळ बसत नाही आणि औषध घशातच राहते. अशांना पंपाला जोडावयाची नळी उपयोगी पडते. असे औषध ओढण्याने सवय लागते या भीतीने ते मध्येच बंद करू नये.

उपचार आणि उतारवयातील सावधगिरी

या वावड्याचा मुख्य उपचार एकच आहे, तो म्हणजे तणाशी संबंध तोडणे. औषध दाह शमविते. पण शरीराला पटलेली ओळख पुसून टाकीत नाही. औषधाने बरे वाटले म्हणून पुन्हा उघड्या हातांनी तण उपटले, तर दुखणे परत येणारच.

स्नान कोमट पाण्याने करावे, कढत पाण्याने नव्हे. अंग दगडाने किंवा खरखरीत घासणीने चोळू नये. साबण बेताचा वापरावा. अंग टिपून घेतल्याबरोबर, ते किंचित ओलसर असतानाच, खोबरेल तेल अथवा डॉक्टरांनी सांगितलेले साधे स्निग्ध मलम लावावे. नखे कापलेली ठेवावीत.

लसणाचा ठेचा, चुना, रॉकेल, विद्युतघटातील आम्ल यांपैकी काहीही त्वचेवर लावू नये. लसणानेदेखील त्वचा भाजते. दुकानातून परस्पर आणलेली मिश्र मलमे याहूनही फसवी असतात. त्यांतील स्टेरॉइडमुळे दोन दिवस चमत्कार झाल्यासारखे वाटते. परंतु बेसुमार वापराने आधीच पातळ झालेली म्हातारी त्वचा आणखी पातळ होते, गजकर्ण असेल तर ते लपून पसरते आणि मलम थांबविताच दाह उसळतो. हेच औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य जागी, ठरावीक दिवस वापरले तर उपयुक्त आहे. दोष औषधाचा नाही, मोजमाप सोडून केलेल्या वापराचा आहे. लेबल नसलेल्या पुड्या व गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत. त्यांत काय मिसळले आहे हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो.

पोटातून घ्यावयाच्या औषधांबाबत वृद्धांनी विशेष जपावे. खाज व सर्दीवरील जुन्या जातीच्या गोळ्यांनी गुंगी येते, तोल जातो आणि रात्री उठताना पडून हाड मोडण्याची भीती असते. पुरःस्थ ग्रंथी वाढलेल्या पुरुषाची लघवी त्या गोळ्यांनी अडू शकते. काचबिंदूच्या काही रुग्णांनाही त्या अपायकारक ठरतात. चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्या रक्तदाब वाढवितात. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो, तसेच दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात. त्या अनेक दिवस घेतल्यावर एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. डोळ्यांत घालावयाचे स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने वापरल्यास काचबिंदू व मोतीबिंदू उद्भवू शकतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व चालू औषधे पिशवीत घालून बरोबर न्यावीत. तोंडी सांगताना चुकते, पिशवी चुकत नाही.

दुखणे फार जुने व अंगभर पसरलेले असेल तर त्वचारोगतज्ज्ञ ॲझाथायोप्रिनसारखे औषध देतात. ते नियमित रक्ततपासणी करूनच घ्यावयाचे असते.

येथे एक सूचना स्वतंत्रपणे लक्षात ठेवावी. माशी चावल्यावर, इंजेक्शनानंतर किंवा एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही वेळातच ओठ-जीभ सुजली, श्वास कोंडला किंवा चक्कर येऊन माणूस कोसळला, तर ती जिवावरची वेळ असते. घरगुती उपाय करीत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णास तात्काळ रुग्णालयात न्यावे.

शेतीचे काम कसे वाटून घ्यावे?

ज्याला हे वावडे जडले आहे त्याने गाजरगवत उपटण्याचे, कापण्याचे, वाहून नेण्याचे काम पूर्णपणे सोडावे. याचा अर्थ त्याने शेती सोडावी असा नव्हे. बियाण्याची निवड, प्रतवारी, हिशोब, तण नसलेल्या रानातील पाणी देणे, जनावरांची देखभाल अशी कितीतरी कामे अनुभवी हातांची वाट पाहत असतात. घरातील तरुणांनी कामाची अदलाबदल आपणहून करावी. वृद्ध मनुष्य ‘मला आता जमत नाही’ असे सहसा म्हणत नाही. तो मुकाट्याने बांधावर जातो आणि रात्रभर खाजवीत बसतो.

ज्यांना अद्याप वावडे नाही त्यांनीदेखील उघड्या हातांनी हे तण उपटू नये. आज त्रास नाही ही उद्याची हमी नव्हे. हातांत रबरी मोजे घालावेत. ते नसल्यास जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांवर बांधाव्यात. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ वस्त्र आणि नाका-तोंडावर रुमाल असावा. वाऱ्याच्या दिशेला पाठ करून काम करावे. काम संपताच हात, तोंड व मान साबणाने धुवावी. कामाचे कपडे घालून अंथरुणावर बसू नये. ते निराळे धुवावेत व तण नसलेल्या जागी वाळत घालावेत.

शेवंती, झेंडू व सूर्यफूल ही गाजरगवताच्याच कुळातील होत. गाजरगवताचे वावडे असलेल्या काहींना शेवंती किंवा सूर्यफुलानेही त्रास होतो. फुलशेती करणाऱ्या कुटुंबाने ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

तणाचा बंदोबस्त सर्व गावाने मिळून करावा

एकट्याने आपला बांध साफ केला आणि शेजारचा बांध पांढरा फुलला, तर कण व बी वाऱ्याबरोबर येणारच. गाजरगवताचे एक झाड हजारो बिया देते. चांगल्या वाढलेल्या झाडाच्या बिया दहा ते पंचवीस हजारांपर्यंत जातात. ओल मिळाली की बी वर्षातून केव्हाही उगवते आणि साधारण महिना-दीड महिन्यात झाड फुलावर येते. म्हणून पुढील क्रम गावाने पाळावा.

१. पहिल्या पावसानंतर जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी, मोजे घालून झाड मुळासकट उपटावे. नुसते वरून कापल्यास बुडख्यापासून पुन्हा फुटते.

२. फुलण्यापूर्वी उपटलेले तण खड्ड्यात शेण व माती यांच्या थरांत कुजवून खत करता येते. फुलावर आलेले तण खतात घालू नये, कारण त्यातील बी शेतात परत येते. वाळलेल्या तणाचे ढीग घराजवळ जाळू नयेत; धुराने दमेकऱ्यांना त्रास होतो.

३. पडीक जागेत टाकळ्याचे बी पावसाळ्यापूर्वी टाकावे. टाकळा जोमाने वाढून गाजरगवताला जागा देत नाही. त्याचे कूळ वेगळे असल्याने वावडे असलेल्यांच्या दृष्टीने तो झेंडूपेक्षा अधिक सोयीचा आहे.

४. मेक्सिकोहून आणलेले भुंगे भारतात १९८४ साली प्रथम सोडण्यात आले. हे भुंगे व त्यांच्या अळ्या गाजरगवताची पाने खातात आणि पावसाळ्यात त्यांचे काम जोरात चालते. ज्या जागी ते आढळतील तेथे फवारणी टाळावी. त्यांच्या उपलब्धतेविषयी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

५. रासायनिक तणनाशकाचा वापर कृषी खात्याच्या सल्ल्यानेच करावा. वावडे असलेल्या व्यक्तीने फवारणी करू नये.

शाळा, दवाखाना, पाणवठा, देवळाचे आवार आणि वृद्धांची बैठक असलेला पार या जागा प्रथम साफ कराव्यात. जेथे म्हातारी माणसे रोज तास-दोन तास बसतात तेथेच हे तण माजलेले असेल, तर औषधाचा खर्च वाया जातो.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

हा पाठ पावसाळ्याच्या आरंभी, तण कोवळे असताना घ्यावा. मोजे घालून एक रोप दाखवावे. ते श्रोत्यांच्या हाती फिरवू नये. गावातील कोणाला वर्षानुवर्षे चेहऱ्याची खाज आहे याची विचारपूस आशा स्वयंसेविकेच्या मदतीने करावी, मात्र सभेत कोणाचे नाव घेऊ नये. अशांना आरोग्य केंद्रात व आवश्यक तर जिल्हा रुग्णालयाच्या त्वचाविभागात पाठवावे. आठवड्याने त्यांच्या घरी जाऊन पुन्हा चौकशी करावी.

सभेच्या शेवटी पुढील प्रश्न श्रोत्यांना विचारावेत:

वीस वर्षे त्रास झाला नाही म्हणजे पुढे होणार नाही, असे म्हणता येईल काय?

तणाचा स्पर्श व दुखणे यांत किती दिवसांचे अंतर असू शकते?

वाळलेले तण निर्धोक असते काय?

डॉक्टरांकडे जाताना बरोबर काय न्यावे?

आपल्या गावातील कोणती जागा सर्वप्रथम साफ केली पाहिजे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळताच त्या कामाचा दिवस, वेळ आणि मोजे आणणारी माणसे तेथेच ठरवून घ्यावीत. फुले उमलण्यास महिना-दीड महिन्याचाच अवधी असतो. तेवढ्यात हे काम उरकले पाहिजे.